मौनीबाबा बोलले, पण कुठून?

"अगं, लोकांचे बत्तीस-बत्तीस दात सांभाळतो मी रोज! तुझे दोन बेडूक सांभाळायचे, त्यात एवढं काय?"

डॉक्टर हे बोलले तेव्हा त्यांच्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात बायकोची बॅग होती आणि चेहऱ्यावर नुकताच एखादा किल्ला सर करून आल्यासारखा भाव होता. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. हात स्थिर, स्वभाव गरीब, आणि स्वतःच्या हुशारीवर विश्वास मात्र जरा जास्तच.

"बेडूक नाहीत हो ते, भेक आहेत," बायको शंभराव्यांदा म्हणाली. "बेडूक गुळगुळीत, भेक खरखरीत. मी परत येईपर्यंत निदान एवढं तरी लक्षात ठेवा."

"भेक तर भेक! जा तू निर्धास्त."

बायको प्राणिसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेत होती. दमट, सखल जंगलात, झाडांखाली पडलेल्या पानांच्या थरात राहणाऱ्या एका इवल्याशा भेकावर तिचं काम चालू होतं. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडासाच मोठा प्राणी! रंग वाळक्या पानाचा, नाक टोकदार, पाठीवरून एक फिकट रेघ. पानांत बसला की पान कुठलं आणि भेक कुठला हे त्याच्या आईलासुद्धा सांगता येऊ नये! ते जंगल आता बरंचसं तोडलं गेलं होतं. बायकोने आणि तिच्या सोबत्यांनी चिखलात गुडघे टेकून शोधून शोधून जी एक जोडी मिळवली, तिच्यावर सगळी भिस्त होती. मादी होती, तिचं नाव राणीसाहेब. आणि नर होता, त्याचं नाव मौनीबाबा.

मौनीबाबा हे नाव उगाच पडलं नव्हतं. या जातीत आधी नराने गळा फुगवून 'टिर्रर्र' अशी साद घालायची, मग मादी त्याच्याकडे वळून बघणार, असा रिवाज. आणि हा गृहस्थ आल्यापासून तोंडातून ब्र काढायला तयार नव्हता! बायकोने त्याच्यासाठी फवाऱ्याचा पाऊस पाडून पाहिला. दुसऱ्या भेकांचे आवाज ऐकवले. अंधार करून पाहिला, खाणं बदलून पाहिलं. बाबा आपले ढिम्म. राणीसाहेबांनी पाठ फिरवली ती फिरवलीच. प्रयोगशाळेतले लोक आता हळूहळू "दुसरं काहीतरी हाती घ्या" असं सुचवायला लागले होते, आणि बायको रोज संध्याकाळी घरी येऊन नुसती मान हलवायची. म्हणजे आजही नाही.

त्यातच प्रयोगशाळेतला पाण्याचा पाइप फुटला आणि दुरुस्ती निघाली. भेकांना ऊब हवी, दमटपणा हवा. डॉक्टरांचा दवाखाना घराच्याच खाली, आणि दवाखान्याच्या आतल्या खोलीत अवजारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र दिवसभर फुसफुसत असायचं. त्या खोलीत उभं राहिलं की चष्म्यावर धुकं जमायचं. भेकांना आणखी काय हवं? काचेची पेटी तिथे आली. आणि बायको एका परिषदेसाठी दोन-तीन दिवस परगावी निघाली.

दवाखान्यातल्या मदतनीस ताईंना हे अजिबात पसंत नव्हतं. ताई म्हणजे दवाखान्याचा कणा. डॉक्टर नुसते दात काढत, बाकी सगळं ताई चालवत.

"आज बेडूक आणलेत," ताई म्हणाल्या, "उद्या मगर आणा. दात तरी भरपूर असतील तिला."

"ताई, भेक आहेत ते. भेक!" डॉक्टरांनी ऐटीत दुरुस्ती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर दवाखान्यात आले ते शीळ घालतच. पेटीचं झाकण काढलं, बारीक माश्यांची डबी आत उपडी केली, "घ्या बाबा, करा नाश्ता" म्हणाले, आणि तेवढ्यात बाहेर बेल वाजली. झाकण घाईघाईने ठेवलं. त्या झाकणाला बाजूने एक खटका होता. तो लावायचा असतो, हे बायकोने निघताना तीनदा बजावलं होतं आणि डॉक्टरांनी तिन्ही वेळा मान हलवली होती. मान हलवण्यात डॉक्टरांचा हात कोणी धरला नसता!

थोड्या वेळाने ते पुन्हा आत आले तेव्हा झाकण किंचित सरकलेलं होतं. राणीसाहेब पाण्याच्या बशीशेजारी बसल्या होत्या. बाबांची जागा रिकामी! डॉक्टरांनी एकेक पान उचलून पाहिलं. पान, पान, पान. सगळी खरीच पानं निघाली.

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. इतरांच्या तोंडातलं पाणी नळीने ओढून घेणारा माणूस, पण आज त्याच्याच जिभेला कोरड पडली! ते गुडघ्यांवर बसले. कपाटाखाली पाहिलं, यंत्रामागे पाहिलं, मग रांगत रांगत उपचाराच्या खोलीत आले, तिथून रांगत प्रतीक्षेच्या खोलीत. तिथे बाकावर एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई आपल्या कवळीचं माप द्यायला बसल्या होत्या. शहरातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी त्यांच्या आवाजाला घाबरून पाढे पाठ केले होते.

"काय शोधताय?" बाईंनी विचारलं.

"बटण," डॉक्टर म्हणाले. दुसरं काही सुचेचना!

"असं होय! मग उठा सगळे!" बाई म्हणाल्या. खोलीत बसलेली चार माणसं झटकन उभी राहिली. "पाय उचला! बाकाखाली बघा! तुम्ही, कोपऱ्यातले, नुसते उभे राहू नका!"

बघता बघता सगळा दवाखाना बटण शोधायला लागला. आणि डॉक्टरांच्या छातीत धडधडायला लागलं, कारण इतके पाय, इतकी पादत्राणं, आणि बाबा केवढे, तर खडूच्या तुकड्याएवढे! "जपून! पाय जपून टाका!" ते ओरडत होते. एका बटणाची एवढी काळजी करणारा डॉक्टर पाहून लोकांना गहिवरून आलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको!

"कसे आहेत माझे बाबा?"

"शांत आहेत," डॉक्टर बाकाखालून म्हणाले. "अगदी शांत. आवाज म्हणून नाही!"

"दिसतायत ना?"

"अगं, त्यांचा रंगच असा की... दिसणं न दिसणं म्हणजे..."

"सापडलं!" बाई गरजल्या. त्यांच्या हातात खरोखरच एक बटण होतं! कुठल्या तरी पेशंटचं, कधी तरी पडलेलं. "काय सापडलं?" बायकोने फोनवर विचारलं. "दात!" असं सांगून डॉक्टरांनी फोन ठेवला. बाईंनी बटण ताईंच्या हातात दिलं. "लावून द्या त्यांना. बिचारे कासावीस झालेत." ताईंनी ते हिरवं बटण पाहिलं. मग डॉक्टरांचा पांढरा कोट वरपासून खालपर्यंत पाहिला. सगळी बटणं जागच्या जागी होती. ताईंची एक भुवई वर गेली आणि तिथेच राहिली.

आणि नेमका त्याच वेळी बसड्रायव्हर आला.

हा ड्रायव्हर म्हणजे सहा फुटांचा गडी. मनगट असं की त्यावर घड्याळाचा पट्टा पुरत नव्हता. पण दात कोरायच्या ड्रिलचं नाव काढलं की पाचावर धारण बसायची! दाढ किडून कित्येक महिने झाले होते. तीन वेळा दारापर्यंत येऊन तो परत गेला होता. आज त्याच्या बायकोने शपथ घातली म्हणून आला, आणि आला तो सरळ खुर्चीतच जाऊन बसला. थांबलो तर पळून जाईन, म्हणाला. जेवणाच्या डब्याची कापडी पिशवी त्याने खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवली. आतली पाण्याची बाटली गळत होती. पिशवीचा एक कोपरा भिजून गच्च झाला होता.

आता याला परत पाठवावं तर हा पुन्हा जन्मात येणार नाही! डॉक्टरांनी हात धुतले, मनातल्या मनात बाबांची माफी मागितली, आणि इंजेक्शन दिलं. ड्रायव्हरचा अर्धा जबडा बधिर झाला. त्याने डोळे घट्ट मिटले. डॉक्टरांनी पायाने खटका दाबला. ड्रिल सुरू झालं.

झिंईंईं...

"टिर्रर्र!"

डॉक्टर थांबले. ड्रायव्हरने एक डोळा उघडला.

"दॉत्तर," तो बधिर तोंडाने म्हणाला, "दाधेतून आवाज आला."

"छे! भास झाला."

झिंईंईं...

"टिर्रर्र! टिर्रर्र!"

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? तुमच्या दाढेला कोणी कोरतंय आणि दाढ उलटून उत्तर देतेय! ड्रायव्हरच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. पण डॉक्टरांचं लक्षच नव्हतं. ते ड्रिल हातात धरून छताकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं होतं. मौनीबाबा बोलले! बायको ज्या एका आवाजासाठी इतके दिवस कान लावून बसली होती, तो आवाज! आणि त्यासाठी ना पाऊस लागला, ना अंधार. लागलं काय, तर ड्रिल!

"वा!" डॉक्टर पुटपुटले. "पुन्हा एकदा!"

असं म्हणून त्यांनी ड्रिल चालू केलं आणि आवाज कुठून येतो ते शोधायला ते ड्रिल पडद्याकडे नेलं. मग कपाटाकडे. मग खुर्चीच्या मागे वाकून ड्रायव्हरच्या कानाजवळ! ड्रायव्हरने पाहिलं की डॉक्टर हवेला भोकं पाडतायत, स्वतःशीच हसतायत, रडतायत, आणि वर "सोडणार नाही तुला!" असं म्हणतायत. हे शेवटचं अर्थात बाबांना उद्देशून होतं. पण ते ड्रायव्हरला कसं कळावं?

ड्रायव्हर उठला. गळ्यातला कागदी रुमाल तसाच, पिशवी उचलली, आणि दवाखान्याचं दार एका झेपेत ओलांडलं. बाहेर बसलेल्या लोकांना फक्त एक वारा गेल्यासारखं वाटलं.

"काय केलंत हो त्याला?" ताई धावत आत आल्या.

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. झाकण, खटका, बटण, टिर्रर्र. ताईंची दुसरी भुवईसुद्धा वर गेली. पण मग त्यांनी बाही मागे सारली. "चालवा ते यंत्र. मी ऐकते."

डॉक्टरांनी ड्रिल चालवलं. शांतता. पुन्हा चालवलं. शांतता. सगळ्या खोल्यांत कान लावून झाले. टिर्र नाही की फिर्र नाही!

"डॉक्टर," ताई सावकाश म्हणाल्या, "पेशंट गेला आणि आवाज गेला."

"म्हणजे बेडूक त्याच्या तोंडात...?"

"पिशवीत हो! ओली पिशवी होती. इथली फरशी मीच पुसली, ती इथे गळत होती म्हणून!"

डॉक्टरांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. ओल! बाबा ओलीकडे गेले! कवळ्या घासायचं एक छोटं, बॅटरीवर चालणारं यंत्र होतं. त्याचा आवाज थेट ड्रिलसारखा. ते उचलून डॉक्टर पांढऱ्या कोटातच रस्त्यावर आले. मागून ताई. आणि ताईंच्या मागून मुख्याध्यापिका बाई, कारण दार उघडंच होतं आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बटण म्हणे!" त्या चालता चालता म्हणाल्या. "सरळ सांगितलं असतं तर मी केव्हाच शोधून दिला असता."

बसथांबा कोपऱ्यावरच होता. बस उभी होती, माणसं चढत होती, आणि आपला ड्रायव्हर स्टिअरिंगला घट्ट धरून बसला होता, एखाद्याने बोटीचा कठडा धरावा तसा. त्याने आरशात पाहिलं. पांढरा कोट घातलेला डॉक्टर हातात झिंईं करणारं यंत्र उंच धरून रस्त्याने धावत येतोय, आणि ओरडतोय, "थांबा! अर्धंच राहिलंय!"

ड्रायव्हरने दार लावून घेतलं.

"दार उघडा!" डॉक्टर काचेवर थापा मारायला लागले.

"नाई!" आतून आवाज आला. "मी नाई येनार! दाध अशीच राहू दे!"

बसमधल्या लोकांनी लगेच ड्रायव्हरची बाजू घेतली. "अहो, जबरदस्ती करता काय?" एकजण खिडकीतून ओरडला. "एवढा पेशंटचा तुटवडा आहे का?" एका आजींनी तर डॉक्टरांना हातातल्या छत्रीचं टोक दाखवलं. डॉक्टर सांगायला गेले की माझा भेक आतमध्ये आहे, पण धापा टाकताना 'भेक' शब्द नीट निघेना. लोकांना ऐकू आलं, "फेक! फेक!" काय फेकायचं हे कोणालाच कळेना, पण एकाने खरोखर संत्र्याचं साल फेकलं!

तेवढ्यात बाई पोहोचल्या. त्यांनी काचेवर टकटक केली, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाल्या, "शांतता!"

अख्खी बस गप्प झाली. ड्रायव्हरसुद्धा ताठ बसला. त्याने चौथीत बाईंच्या हातचा मार खाल्ला होता, हे नंतर कळलं.

त्या शांततेत डॉक्टरांनी यंत्र खिडकीशी धरून चालू केलं. झिंईंईं...

आणि ड्रायव्हरच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून, सगळ्या बसला ऐकू जाईल असा, खणखणीत आवाज आला. "टिर्रर्रर्र!"

ड्रायव्हरने पिशवीकडे पाहिलं. मग गालाला हात लावला. मग पुन्हा पिशवीकडे. "म्हंजे... माजी दाध नाई?" तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की जणू कोर्टातून निर्दोष सुटला! त्याने दार उघडलं.

डॉक्टर आत चढले. ताईंनी पिशवी मांडीवर घेऊन हळूच उघडली. डबा, गळकी बाटली, आणि चिंब भिजलेला हातरुमाल. रुमालाच्या घडीत एक वाळकं पान. पानाला चार पाय.

डॉक्टरांनी ओला तळहात पुढे केला आणि ताईंनी बाबांना त्यावर ठेवलं. बाबा उताणे पडले. पाय ताठ, पोट वर, डोळे अर्धवट उघडे. हलेनात की डुलेनात.

डॉक्टर तिथेच पायरीवर बसले. त्यांना एकदम जुने दिवस आठवले. दवाखाना नवा होता तेव्हाचे. महिनोन्‌महिने पेशंट फिरकत नव्हता, आणि बायको स्वतःची नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी येऊन बाहेरच्या बाकावर गाल धरून बसायची. का, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं की इथे पेशंट असतात! गाल धरून धरून एकदा तिचा गाल खरंच दुखायला लागला होता. त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट सांभाळायला दिली, ती आपण अशी सांभाळली!

"दॉत्तर," ड्रायव्हर हलक्या आवाजात म्हणाला. एवढा मोठा गडी, पण तो जागेवरून उठून पायरीवर येऊन शेजारी बसला. "माज्यामुळे झालं ना? मी पळालो म्हनून?"

"नाही हो दादा. तुमचा काय दोष?" डॉक्टरांनी डोळे पुसायला दुसरा हात उचलला. त्या हातात यंत्र होतं हे ते विसरूनच गेले होते. अंगठा खटक्यावर पडला.

झिंईंईं...

मेलेल्या बाबांनी टुणकन कूस बदलली, गळा बोराएवढा फुगवला आणि आकाशपाताळ एक करत साद घातली, "टिर्रर्रर्र!"

डॉक्टर दचकले. आणि त्यांना आठवलं. बायकोने निघताना सांगितलेल्या सूचनांमध्ये ही पण एक होती, की घाबरला की हा मेल्याचं सोंग घेतो, तेव्हा तुम्ही घाबरू नका. त्यावरही डॉक्टरांनी मान हलवली होती!

मग बसमध्ये जो काही जल्लोष झाला! छत्रीवाल्या आजींनी डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली. साल फेकणाऱ्याने उरलेलं संत्रं देऊ केलं. बाईंनीही रागावल्यासारखं करत नाक शिंकरलं. आणि ड्रायव्हर म्हणाला, "बसा सगळे. वाटेतच आहे दवाखाना. सोडतो." त्या दिवशी ती बस दोन थांब्यांमधलं अंतर बैलगाडीच्या चालीने गेली. एकही खड्डा लागू न देता! दवाखान्यासमोर थांबा नव्हता, तरी ती थांबली आणि एकाही प्रवाशाने कुरकुर केली नाही. उलट बाबांना टाटा केला.

बायको परत आली तेव्हा डॉक्टरांनी तिला दारातच सगळं सांगून टाकलं. एका दमात. तिच्या हातातली बॅगसुद्धा घेतली नाही. खटका, बटण, बस, सगळं. "तू काय म्हणशील ते मला मान्य आहे," ते शेवटी म्हणाले.

बायकोने बॅग तिथेच खाली ठेवली. मग म्हणाली, "तो ओरडला?"

"अगं, मी त्याला हरवून बसलो होतो. बसमध्ये—"

"ते कळलं हो! तो ओरडला?"

डॉक्टरांनी तिला आत नेलं. ड्रिल चालू केलं. पेटीतून "टिर्रर्र" आलं, आणि बायको पेटीजवळ फरशीवरच बसली. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी, आणि हसतेय! "पुन्हा," ती म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा ड्रिल चालवलं. "पुन्हा." ताईंनी आज पेशंट असल्याची आठवण करून दिली, तर बायकोने त्यांनाच ओढून शेजारी बसवलं. राणीसाहेबांनी मान वळवली. एक पाऊल टाकलं. मग थांबल्या, विचार केला, आणि आणखी एक टाकलं. त्या आठवड्यातच पाण्याच्या बशीत काळ्या मण्यांची माळ पडली. अंडी! तो दिवस दवाखान्याने साजरा केला, म्हणजे ताईंनी कोणाच्याही नावाने खडे फोडले नाहीत.

बायकोने ड्रायव्हरला फोन करून आभार मानले. बाईंच्या घरी स्वतः जाऊन आली. ताईंना म्हणाली, "तुम्ही नसता तर काय झालं असतं!" त्यावर ताई म्हणाल्या, "ते मला रोजच वाटतं." आणि डॉक्टरांना ती काहीच म्हणाली नाही. फक्त संध्याकाळी कामावरून परतताना बाहेरच्या बाकावर येऊन थोडा वेळ बसायला लागली. गाल न धरता. डॉक्टर काचेतून तिच्याकडे बघायचे आणि पुढच्या पेशंटचा दात नेहमीपेक्षा हळुवार हाताने काढायचे.

राहिली ड्रायव्हरची दाढ! ती अर्धवट कोरलेली, नंतर ड्रिलविनाच तात्पुरती बुजवलेली. तो दोन-तीनदा येऊन गेला, पण प्रत्येक वेळी ड्रिल बघून त्याचे हातपाय गार पडत. शेवटी म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तो तुमचा बाबा शेजारी ठेवाल का? त्या दिवशी तो ओरडत होता तेव्हा मला वाटलं, एवढासा जीव, त्याला ड्रिलची भीती वाटत नाही, मग मला का?"

पण बाबा, राणीसाहेब आणि त्यांचा वाढता संसार आता प्रयोगशाळेत परतला होता. डॉक्टरांना फार वाईट वाटलं. या माणसाने आपल्यासाठी भरली बस थांबवली, आणि आपण त्याला एक टिर्र देऊ शकत नाही? त्यांनी थोडा विचार केला. ड्रायव्हरला डोळे मिटायला सांगितले. तोंडावरचा मास्क वर ओढला, ड्रिल सुरू केलं, आणि मास्कच्या आतून जीभ टाळूला लावून स्वतःच आवाज काढला, "टिर्र-टिर्र-टिर्र!"

ड्रायव्हरचे खांदे सैल पडले. चेहऱ्यावर समाधान आलं. डॉक्टरांना जोर चढला. त्यांनी कोरलं आणि टिर्र केलं, टिर्र केलं आणि कोरलं. दाढ साफ झाली, भरूनही झाली. आणि डॉक्टरांनी अभिमानाने मान वर केली, तर दारात बायको उभी! ती केव्हापासून ऐकत होती कोण जाणे.

"कसा जमला?" डॉक्टरांनी मास्क खाली करून विचारलं. "अगदी बाबांसारखा की नाही?"

"आवाज हुबेहूब आहे," बायको म्हणाली. "पण ही साद नाही हो. साद लांबलचक असते, हे तुटक-तुटक आहे. भेकांच्यात कधीकधी एक नर चुकून दुसऱ्या नरालाच मिठी मारतो. तेव्हा खालचा नर जे ओरडतो ना, ते हे आहे. याचा अर्थ, 'सोड मला, तुझी काहीतरी चूक होतेय!'"

ड्रायव्हरने खुर्चीत पडल्या पडल्या एक डोळा उघडला आणि भरल्या तोंडाने म्हणाला,

"दॉत्तरसाहेब, मग ते मी ओरदायला हवं होतं!"